पळसाचं चौथं पान

म्हणीचा अर्थ विचारायला कोणी आलं की मी त्याला चहा पाजतो आणि अर्थ सांगायचं टाळतो. गावात समज आहे की मास्तरांना म्हणींचं फार कळतं. शाळेतली पोरं येतात, कधी त्यांचे बाप येतात, एखादा नवा मास्तर वही-पेन्सिल घेऊन येतो. मी म्हणतो, ज्याच्या तोंडून ऐकलीस त्यालाच विचार बाबा. लोकांना वाटतं, म्हातारा चढेल झाला आहे. वाटू दे. माझ्या हातून एका म्हणीचा अर्थ सांगून झालेला आहे, तेवढा एका जन्माला पुरे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव डोणगावपासून तासाभराच्या पायवाटेवर. घरात आम्ही तिघं: आई, मी आणि माझी धाकटी बहीण. वडील मी अमरावतीला मास्तरकीचं शिक्षण घेत असतानाच गेले. एका बैलजोडीची शेती होती, खाऊनपिऊन बरं होतं. आमच्या घरी माझ्या आठवणीत तरी कोणी उपाशी झोपलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

आई साधं बोलतच नसे. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हण, शेजारणीचं भांडण झालं तरी म्हण. पाऊस लांबला की आभाळाला म्हण. बहिणीनं तिचीच जीभ उचललेली. दोघी चुलीपाशी बसल्या की निम्मं बोलणं अर्धवट म्हणींत चाले. आई म्हणायची, "आडात नाई त..." आणि बहीण नुसती हसायची. पुढचं पोहऱ्यात कुठून येणार ते बोलायची गरजच नव्हती. लहानपणी मी मध्येच विचारायचो, म्हणजे काय गं? आई म्हणायची, "अर्थ काय इचारतं बे? ज्याले लागते त्याले समजते."

अमरावतीला पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उभा राहून "मले येत नाई" म्हणालो आणि वर्ग खदखदा हसला. शिकवणारे गुरुजी पुण्याकडचे होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी फळ्यावर 'मला' असं लिहून ते मला तीनदा वाचायला लावलं. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. दोन वर्षांनी परत आलो तो मला-तुला करतच. बहीण दाराआड उभी राहून आईला म्हणाली, "माय, वासरात लंगडी गाय शहानी आली व आपल्या घरी." मला राग आला. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, कारण शहाणी म्हणाली होती ना.

शेजारच्या गावात शाळा मिळाली. तिथे एकदा तपासणीला डिप्टीसाहेब आले. त्यांनी पोरांचे पाढे ऐकले, हजेरी पाहिली, आणि जाता जाता म्हणाले की तुमच्या भागातल्या म्हणी गोळा करा, डाव्या बाजूला म्हण लिहा, उजव्या बाजूला शुद्ध भाषेत अर्थ. मला तर पंखच फुटले. मोठी वही शिवली, मध्ये रेघ मारली. बाजाराच्या दिवशी तेल्याच्या घाण्यावर जा, कुंभाराच्या आव्यापाशी बस, चांभाराला विचार, असं सुरू केलं. म्हण कुठून आली याचा शोध लावणं म्हणजे मोठी विद्या, असं तेव्हा वाटायचं.

कुंभाराची एक गोष्ट सांगतो. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण मी त्याला ऐकवली आणि मोठ्या डौलात अर्थही सांगितला, की गरज पडली म्हणजे थोरालाही नीचाची मनधरणी करावी लागते. तो मातीचे हात पुसत म्हणाला, "त्यात नीच कोन झालं मास्तर? बुजरं गाढव पाय झाडते. एकानं पाय धरले त दुसरा वझं लादते. आमी रोजच धरतो." आणि खरंच त्यानं धरून दाखवले. मी घरी येऊन ही गंमत सांगितली. बहीण पोट धरून हसली. आई मात्र म्हणाली, "त्याचं बी बरोबर हाये." मी वहीत माझाच अर्थ लिहिला. कुंभाराचा अर्थ लिहायला उजव्या बाजूला जागा होती, पण मला तो अर्थ वाटलाच नाही.

पळसाची म्हण मी कोणालाही न विचारता लिहिली. आमच्याकडे पळसाला तोटा नाही. माळावर, बांधावर, नाल्याच्या काठी पळसच पळस. 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच.' उजवीकडे लिहिलं: सर्वत्र परिस्थिती सारखीच असते. एका ओळीत काम झालं. अशा सोप्या म्हणी आल्या की मला आनंद व्हायचा.

बहिणीचं लग्न ठरलं ते साखरखेर्ड्याच्या पलीकडच्या एका गावात. घर मोठं, जमीन काळी, माणसं मानाची. लग्नाआधी आठ-पंधरा दिवस आमच्या मागच्या पडवीत पळसाच्या पानांचे ढीग पडले होते. बाया पत्रावळी लावायच्या, ज्वारीच्या धसकटाच्या काड्यांनी पान पानाला टोचायचं. एक दिवस दुपारी बाकीच्या बाया घरी गेल्या आणि मायलेकी दोघीच राहिल्या. मी पुढच्या खोलीत वही लिहीत होतो. मागून आईचं हळू बोलणं येत होतं, मग बहिणीचं रडणं आलं. लग्नाची पोर रडणारच, असं म्हणून मी उठलो नाही.

लग्न झालं. पहिल्या वर्षी ती दोनदा येऊन गेली, दिवाळीला आणि नागपंचमीला. नागपंचमीला थोडी उतरलेली दिसली. आईनं विचारलं तर म्हणाली, पाणी मानवत नाही. दुसऱ्या दिवाळीला तिला पाठवलं नाही. दिवस गेलेत, गाडीचे हिसके बरे नव्हेत, असा निरोप आला. आई निरोप आणणाऱ्याला गूळ-पाणी देऊन आनंदानं बोलली, पण तो गेल्यावर कितीतरी वेळ उंबऱ्यात बसून राहिली. मग मला म्हणाली, "पह्यलटकरीन पोरगी हाये. सातवा लागला का आनाव म्हनतात लोकं. माह्यं मन म्हनते, आताच जाव." मी म्हणालो, न बोलावता कसं जाणार? व्याह्यांना काय वाटेल? त्या घरचा मान मोठा होता आणि मला तो फार मोठा वाटत होता. आई म्हणाली, "तिचा एक शबूद आला त पुरे. शबूद आला का मी गाडी जुतून निंघतो."

हे वाक्य मी ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला नीट कळला असता तर पुढचं काही घडलं नसतं. मला वाटलं, आईला खुशाली हवी आहे.

पौषातला डोणगावचा बाजार. मी खडू आणि शाई घ्यायला गेलो होतो. तिथे मन्यारचाचा भेटले. मन्यार म्हणजे बांगड्या भरणारे. चाचा डोणगावचेच, मुसलमान, आईच्या वयाचे. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून मेहकर, साखरखेर्डा, बीबी असं गावोगाव पायी हिंडायचे. आमच्या घरच्या तीन पिढ्यांच्या बायकांचे हात त्यांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या हातांतून गेलेले. मला पाहून ते गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "मास्तर, बरं झालं भेटले. तुमच्या बहिनीच्या सासरी गेलतो. हिरवा चुडा भरून आलो बेटीले. तिनं निरोप देला हाये, मायसाठी."

मी म्हणालो, सांगा.

चाचांनी डोळे मिटले. पाठ केलेला धडा म्हणून दाखवतात तसं ते एकेक शब्द सावकाश बोलले. "म्हनली, मायले सांगजा, अठी बी पळसाले पानं तीनच हायेत."

"बस, एवढंच?"

"एवढंच. दोन वक्त म्हनवून घेतलं माह्या कडून. म्हने, चाचा, जशाले तसं सांगजा. सासू जवळच बसली होती. ते बी हसली, म्हने, पोरगी बोलाले चालाख हाये." ते थोडं थांबले. काही तरी बोलतील असं वाटलं, पण बोलले नाहीत. "आजच सांगजा मास्तर," एवढं म्हणून माळा सावरत निघून गेले.

मी परत निघालो. वाटेत नाल्याकाठी पळस उभेच होते. मला फार बरं वाटत होतं. बहीण सुखात आहे, तिची जीभ अजून तशीच तिखट आहे, आणि माझ्या वहीतल्या म्हणीचा असा जिवंत वापर मला बाजारात उभ्या उभ्या मिळाला होता. अर्थ तर मला ठाऊकच होता. सगळीकडे सारखंच. म्हणजे माहेरी तसंच सासरी.

आई अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. मी म्हणालो, "मन्यारचाचा भेटले होते. ताईचा निरोप आहे." धाकटी असली तरी लग्न झाल्यापासून मी तिला ताई म्हणायचो.

आईचे हात थांबले. "काय म्हनली?"

"चांगली आहे. तिकडेही सगळं आपल्या घरच्यासारखंच आहे, म्हणाली."

"आजून?"

"आणखी काही नाही."

"तिच्या तोंडचं सांग रे. काय म्हनली ते?"

मी खडूची पुडी सोडत होतो. म्हणालो, "तेच गं. तुझ्या भाषेत म्हणाली असेल, मी नीट करून सांगितलं. काळजी करू नको असा त्याचा अर्थ."

आईनं माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या मुलाकडे आई ज्या विश्वासानं पाहते त्या विश्वासानं पाहिलं. मग शेंगांत हात घालत म्हणाली, "मंग बरं झालं बाप्पा. घरच्यासारखंच हाये त काय पायजे. सातवा लागू दे, मंग आनू." त्या दिवशी ती दिवाळीनंतर पहिल्यांदा पोटभर जेवली. मला ते आठवतं, कारण मी तिला आणखी एक भाकर वाढली होती.

सातवा लागायला महिनाही नव्हता. आईनं बाळंतपणासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली, डिंक निवडून ठेवला, पडवीतली खोली सारवली. एका सकाळी व्याह्यांचा गडी आला आणि अंगणात उभा राहिला. त्यानं पाणी घेतलं नाही, तेव्हाच कळलं. चार दिवस ताप होता, म्हणाला. अंगात काही नव्हतंच. पोटातलं गेलं आणि मागोमाग तीही गेली. आम्ही गाडी जुंपून पोहोचलो तोवर राखसुद्धा भरून झाली होती. सासू आईच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, पोरीचं खाणंच नव्हतं हो बाई, चिमणीगत दोन घास खायची. आईनं ते खरं मानलं. मीही मानलं.

तेरावा होऊन गेला. आई रडायची नाही. काम करायची, आणि मध्येच हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायची. एक दिवस सकाळी मन्यारचाचा दारी आले. माळा त्यांनी बाहेरच, ओट्याच्या खाली ठेवल्या. दुखवट्याच्या घरात बांगड्यांचा आवाज नको म्हणून. ओट्यावर बसले. मग मान खाली घालूनच ते म्हणाले, "बाई, एक गोष्ट इचारू का? माह्या मनाले लागून राह्यली. तुमी गेल्या काऊन नाई?"

आई म्हणाली, "कुठी?"

"बेटीचा निरोप त मी पोचवला होता. मास्तरजवळ, बाजारात."

"आला होता निरोप, भाऊ. म्हने, घरच्यासारखंच हाये."

चाचांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. "असं नाई म्हनली ते, बाई. ते म्हनली, मायले सांगजा, अठी बी पळसाले पानं तीनच हायेत."

आई ओट्याला टेकून उभी होती, ती तशीच खाली बसली. तिनं हंबरडा फोडला असता तर मला धावता आलं असतं, तिला धरता आलं असतं. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हणालो, "पण अर्थ तोच ना गं?" आजही हे वाक्य आठवलं की मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

अर्थ काय होता तो आईनं त्याच ओट्यावर, चाचांच्या देखत सांगितला. माझ्याकडे न पाहता, त्यांनाच सांगत होती. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा रोजचं जेवण पत्रावळीवर असायचं. सकाळी तिची सासू, म्हणजे माझी आजी, तिला मोजून तीन पत्रावळी द्यायची. एक सासऱ्याची, एक नवऱ्याची, एक दिराची. सासूचं स्वतःचं काशाचं ताट होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांची जेवणं झाल्यावर नव्या नवरीनं विचारलं, "मामी, माह्यं पान?" सासू हसून म्हणाली, "पळसाले पानं तीनच रायतात, पोरी." भांडी घासताना तळाला जे चिकटलेलं निघेल ते तिचं. असं तीन वर्षं चाललं. दोन लेकरं पोटातच गेली. तिसरा मी. सासू मेली, मग चौथी पत्रावळ आली.

"घरचा धनी?" चाचांनी हळूच विचारलं.

"जेवून उठून जात," आई म्हणाली. "त्याहिनं कधी मांगं पाह्यलं नाई."

धनी म्हणजे माझे वडील. मी त्यांना देव मानत असे. आईनं मला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती ती एवढ्यासाठीच. पोरगा बापाच्या नावानं दिवा लावतो, तो विझवायचा कशाला, असं तिला वाटलं असेल. बहिणीला मात्र तिनं सांगितली होती, लग्नाच्या पत्रावळी लावताना, त्या दुपारी. सांगून म्हणाली होती की असे दिवस आलेच तर कोणाजवळ रडू नको, रडलीस तर तुझंच नाव जाईल, आणि निरोप नेणारा तुझ्या सासूसमोरच बसलेला असेल. एवढी म्हण सांगून पाठव. म्हणीला कोणी आड येत नाही. म्हण ऐकली की मी निघाले.

सासू शेजारी बसलेली असताना, हातात हिरव्या बांगड्या भरून घेताना, माझी बहीण हसत हसत सांगत होती की मी उपाशी आहे. सासूला ते कळलं नाही. चाचांना पुरतं कळलं नाही, पण काही तरी आहे एवढं कळलं होतं. ते म्हणाले, "मनगट हातात घेतलं तवाच समजलं होतं बाई. मांगच्या सालच्या मापाच्या बांगड्या कोपरापावतर सरकत होत्या. पन आमचा धंदा असा हाये, एका घरच्या बाईचं मनगट दुसऱ्या घरी सांगाचं नाई. सांगतलं त कोनीच दरवाजा उघडनार नाई. म्या म्हनलं, निरोप त देलाच हाये तिनं. भाऊ शिकला-सवरला हाये. तो समजन."

लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसानं वीस कोस पायी चालत तो निरोप एक कानामात्रा न सांडता आणला. मी तो शेवटच्या एका तासाच्या वाटेवर सांडला. शुद्ध करून सांडला.

आईनं मला शिवी दिली नाही. कोणाला सांगितलंही नाही. मामा भेटायला आला तेव्हा तो चिडून म्हणाला, पोरीचा काही निरोप तरी यायचा होता. तेव्हा आई म्हणाली, "आला नाई." मला वाचवलं तिनं. पण त्याच आठवड्यापासून एक गोष्ट सुरू झाली, ती मला कळायला जरा वेळ लागला. आई माझ्याशी साधं बोलू लागली. जेवायला बस. बैलाला पाणी दाखव. उद्या बाजार आहे. म्हण नाही, टोमणा नाही, अर्धवट टाकलेलं वाक्य नाही. आधी वाटलं, दुःखात माणूस कमी बोलतं. पण विहिरीवर शेजारणींबरोबर ती पूर्वीसारखीच बोलायची. मी पुढे लग्न केलं, तर सुनेशी चार दिवसांत तिची अशी गट्टी जमली की दोघी अर्ध्या शब्दावर हसू लागल्या. मी आत आलो की हसू थांबायचं आणि आई म्हणायची, "तुला काही हवं आहे का?" तुला. हवं आहे. माझ्या आईच्या तोंडी हे शब्द कधीच नव्हते. पाहुण्याशी बोलावं तसं ती माझ्याशी बोलायची, जपून, प्रत्येक शब्द मला कळेल असा निवडून. त्यात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. तिनं एवढंच ठरवलं होतं की ह्याच्याजवळ अर्थ काढावा लागेल असं काही ठेवायचं नाही.

सुनेला मात्र पहिल्याच दिवशी आईनं स्वतःच्या हातानं ताट वाढलं, आणि ती जेवून उठेपर्यंत तिच्या समोर बसून राहिली. आमच्या घरात मग तो नियमच झाला. सून आधी जेवायची. गावात लोक हसायचे.

डिप्टीसाहेब पुन्हा आले तेव्हा त्यांनी वहीची आठवण काढली. मी सांगितलं की वाळवी लागली. ते हळहळले. म्हणाले, पुन्हा जमवा, तुम्हाला चांगली दृष्टी आहे.

अकरा वर्षं आई तशीच बोलली. मग तिचं अंथरूण धरणं आलं. एक दिवस तिनं मन्यारचाचांना बोलावून घ्यायला सांगितलं. चाचाही थकले होते, फेऱ्या कमी झाल्या होत्या, पण आले. बीबीला आईचं माहेर, तिथे तिचा भाऊ. त्याला निरोप द्यायचा होता. मी म्हणालो, "चाचांना कशाला त्रास? मी उद्या स्वतः जातो, मामाला घेऊन येतो." आईनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, "तू नको जाऊस. तुला शाळा आहे." शाळेला सुट्टी लागलेली होती.

मग चाचांकडे वळून म्हणाली, "भावाले म्हनजा, सुपातले दाने सरले." चाचांनी डोळे मिटले, दोनदा म्हणून दाखवलं. मी तिथेच उभा होतो. ह्याचा अर्थ मला लावता आला असता. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, हे तर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण सुपातले दाणे म्हणजे त्या भावाबहिणीत काय होतं, कोणत्या दिवसाचं, कोणत्या जात्याचं, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही. मला ते विचारायचा हक्क राहिला नव्हता.

मामा तिसऱ्या दिवशी आला. बैल सोडायलाही थांबला नाही, तसाच आत गेला. मी बैलांना वैरण टाकली, पाणी दाखवलं, आणि ओट्यावर येऊन बसलो. आतून मामाचा जाड आवाज येत होता, मध्येच आईचा बारीक. शब्द कळत नव्हते. मग आई हसली. एवढ्या दुखण्यातही पूर्वीचं, गळ्यातून येणारं हसू. अकरा वर्षांत मी ते इतक्या जवळून ऐकलं नव्हतं. बायको चहाचा कप घेऊन दाराशी आली आणि म्हणाली, "आत चला नं, मायजवळ बसा थोडं." मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि परत येऊन ओट्यावर बसलो. मी आत गेलो असतो तर ते हसू थांबलं असतं.